कचेरीची भाषा आणि चुलीची भाषा



आमचें महागांव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांत आहे. गांवापासून कांहीं कोसांवर पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे माहूरगड उभा आहे. आठवडी बाजाराच्या दिवशीं येथून तेथवर एक फेरी मारली, तर कानांवर निदान चार भाषा पडतात. फळांच्या पाट्या मांडून बसलेले बागवान आपसांत दखनी उर्दू बोलतात. कापूस-तुरीचा शेतकरी वऱ्हाडी मराठींत भाव करतो. तांड्यावरून आलेल्या बाया एकमेकींशीं गोरमाटींत बोलतात. आणि डोंगराकडून आलेलें एखादें गोंड कुटुंब मीठ-मिरची घेतांना हळू आवाजांत जें बोलतें, तें या तिघांपैकीं कोणासहि उमजत नाहीं. बाजाराचें मात्र कोठें अडत नाहीं. पैसा, तराजू आणि बोटें यांच्या साह्यानें सर्व व्यवहार सुरळीत चालतो. अडतें तें बाजार सोडून तहसील कचेरीची पायरी चढल्यावर. तेथें चौघांनाहि एकाच भाषेंत बोलावें लागतें, आणि त्या भाषेचा कागद नसेल तर माणूस समक्ष उभा असूनहि नसल्यासारखाच.

या कचेरीच्या भाषेविषयीं आणि चुलीपाशीं बोलल्या जाणाऱ्या भाषांविषयीं चार शब्द बोलावे, असा माझा आज विचार आहे. मी कोणी भाषापंडित नव्हे. मॅट्रिकची परीक्षा आणि त्यानंतरचा अध्यापनाचा अभ्यासक्रम एवढीच माझी विद्या. परंतु प्राथमिक शाळेंत पस्तीस वर्षें पहिलीचा वर्ग पुढ्यांत घेऊन बसलेल्या माणसास या प्रश्नाची एक बाजू अशी दिसते, कीं जी मोठमोठ्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं.

प्रथम नदीची गोष्ट सांगतों. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला आणि पुढें १९०३ पासून तो मध्यप्रांताला जोडला गेला. तेव्हांपासून पैनगंगा ही नुसती नदी राहिली नाहीं. ती दोन राजभाषांमधली सीमा झाली. अलीकडच्या तीरावर वरच्या दफ्तरांत इंग्रजी असली, तरी शाळेंत व खालच्या कचेरींत मराठी चाले. पलीकडे माहूर, किनवट, हदगांव हा सर्व मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. हें संस्थान म्हणजे एक बहुभाषिक देशच होता. बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी आणि कानडी बोलणारी. कारभार मात्र आधीं फारसींत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळापासून उर्दूंत. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ सालीं झाली, तेव्हां उच्च शिक्षण परकीय इंग्रजींतून न देतां देशी भाषेंतून द्यावें, असा मोठा स्तुत्य हेतु त्यामागें सांगितला गेला. आणि तो खराहि होता. परंतु ती देशी भाषा म्हणजे उर्दू. नांदेडच्या किंवा परभणीच्या कुणब्याच्या मुलास इंग्रजी जितकी परकी, तितकीच ती उर्दूहि परकी होती. एकाच नदीचें पाणी पिणारे, एकाच देवीच्या यात्रेला जाणारे दोन तीरांवरचे सोयरे. त्यांतला एक अर्ज देऊन त्याखालीं काय लिहिलें तें वाचूं शके, आणि दुसऱ्यास आंगठा उठवून मुनशीच्या तोंडाकडे पाहावें लागे.

याचा परिणाम किती दिवस टिकतो, याचें एक उदाहरण देतों. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ मूळचे नदीपलीकडचे. त्यांच्या घरीं देव्हाऱ्याखालच्या पेटींत एक उर्दू कागद जपून ठेवलेला होता. तो आजोबांच्या जमिनीचा पट्टा आहे, अशी घरांत पक्की समजूत. दसऱ्याला त्या कागदास हळदकुंकू वाहत. एकदां वांटणीचा वाद निघाला, तेव्हां तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मला उर्दू येत नाहीं. म्हणून आम्हीं दोघे गांवांतल्या एका वयोवृद्ध मौलवीसाहेबांकडे गेलों. त्यांनीं चष्मा पुसून कागद दोनदां वाचला, आणि संकोचानें सांगितलें कीं, ही कोंडवाड्यांतून दोन म्हशी सोडविल्याची पावती आहे. घरीं परततांना ते गृहस्थ एक शब्दहि बोलले नाहींत. आतां हसूं येतें. पण तीन पिढ्या ज्या कुटुंबास स्वतःच्या कागदावर काय लिहिलें आहे हें कळूं नये, त्या कुटुंबाच्या दृष्टीनें यांत हसण्यासारखें फारसें नाहीं. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, त्या वेळीं मराठवाड्यांतल्या जुन्या दफ्तरांसाठीं उर्दू आणि मोडी वाचणारे लोक शोधण्याची धांवपळ झाली, हें आपण वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल. राज्य १९४८ सालीं गेलें. त्याची भाषा अद्याप पेट्यांतून शिल्लक आहे. ज्या इमारतीला आपण तहसील म्हणतों, तिच्यांतला दाखला, पंचनामा, वसुली, फिर्याद, हे सारे शब्द तरी कोणाचे आहेत?

पण निजामशाहीचा दोष सांगतांना तिच्या हातून घडलेली एक चांगली गोष्ट दडवून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. १९४० सालीं आदिलाबादच्या डोंगरांत कुमराम भीम याच्या नेतृत्वाखालीं गोंडांनीं उठाव केला आणि जोडेघाट येथें भीम मारला गेला. या असंतोषाचीं कारणें शोधण्यासाठीं सरकारनें फ्यूरर-हाइमेनडॉर्फ नांवाच्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास पाचारण केलें. त्यांच्या प्रयत्नानें १९४३ सालीं मारलावाई या गांवीं गोंड तरुणांस शिक्षक म्हणून तयार करण्याचा वर्ग निघाला, आणि मुलांसाठीं गोंडी भाषेंत वाचनपाठ तयार झाले. त्यांची लिपि होती देवनागरी! राजभाषा उर्दू, आसपासची मोठी भाषा तेलुगु, आणि मुलाच्या हातांत गोंडी पुस्तक नागरी अक्षरांत. कारण त्या भागांतल्या गोंडांचा मराठीशीं जुना परिचय होता. त्याच संस्थानांत अधिकारी असलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा शिकले आणि दोहोंचीं व्याकरणें त्यांनीं लिहिलीं. त्या डोंगरांत त्या वेळीं जें सुचलें, तें नदीच्या अलीकडे आम्हांस सुचलें नाहीं. आमची राजभाषा आमचीच होती, म्हणून दुसऱ्या कोणाची अडचण असेल अशी शंकाहि आमच्या मनास शिवली नाहीं.

पुढें १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. १९६४ चा राजभाषा अधिनियम २६ जानेवारी १९६५ पासून अमलांत येऊन मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. त्या समयीं मुख्यमंत्री कोण होते, हें आमच्या भागांतल्या लोकांस सांगावें लागत नाहीं. पुसदजवळच्या गहुली गांवीं बंजारा कुटुंबांत जन्मलेले वसंतराव नाईक! मराठीला राजभाषेचा मान देणारा कायदा ज्यांच्या कारकीर्दींत झाला, त्यांच्या तांड्याची भाषा मराठी नव्हती, गोरमाटी होती. या गोष्टीचा मला आमच्या तालुक्यांतला रहिवासी म्हणून अभिमान वाटतो. मराठीनें तांड्याच्या पुत्रास मुख्यमंत्रीपदापर्यंत जाऊं दिलें, असें कोणी म्हणेल. तांड्यानें आपल्या घराबाहेरची भाषा मोठ्या मनानें डोक्यावर घेतली, असें दुसरा म्हणेल. मला दोन्ही खरीं वाटतात. परंतु त्यानंतर आमच्याकडून तांड्याच्या भाषेस काय मिळालें, हा प्रश्न मी कितीदां तरी स्वतःस विचारला आहे. त्याचें कारण माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती आज येथें सांगणें मी माझें कर्तव्य समजतों.

मी मूळचा अमरावती जिल्ह्यांतला, दर्यापूरकडचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षीं माझी नेमणूक या भागांत झाली. वय बाविशीच्या आंतलें, अंगांत उत्साह फार आणि समज बेताची. वर्गांत पस्तीस-चाळीस मुलें, त्यांतलीं निम्म्याहून अधिक तांड्यावरचीं. शुद्ध मराठी बोलण्याचा मी कडक नियम घालून दिला होता. एके दिवशीं सकाळीं मागच्या रांगेंतला एक मुलगा रडत उभा राहिला आणि हुंदके देत "मार याडी, मार याडी" एवढेंच पुन्हा पुन्हा म्हणूं लागला. मला वाटलें, याला कोणी तरी मार दिला. आणि मारणाऱ्याचें नांव याडी. वर्गांत याडी नांवाचें कोणी नव्हतें. मीं विचारलें, "कोण याडी?" मुलें हसलीं. तो अधिकच रडूं लागला. मला वाटलें, हा पोर माझी थट्टा करवितो आहे. मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें, आणि खरोखरच दोन छड्या मारल्या. म्हणजे जो 'मार' त्याच्या तोंडीं नव्हता, तो मीं आणून पुरविला.

गोरमाटींत 'मार याडी' म्हणजे 'माझी आई'. त्याची आई आदल्या रात्रीं तापानें बेशुद्ध झाली होती आणि त्याला घरीं जायचें होतें. हें मला दुपारीं एका मोठ्या मुलीनें सांगितलें. आई पुढें बरी झाली. मुलगा मात्र शाळेंत परत आला नाहीं. मी तांड्यावर गेलों, तेव्हां त्याच्या वडिलांनीं मला खाटेवर बसवलें, चहा दिला, आणि तो गुरांमागें गेला आहे असें सांगितलें. कोणी रागावून बोललें असतें, तर मला बरें वाटलें असतें.

दुसरीहि एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों, नाहींतर माझें वर्तन आपणांस आहे त्याहून अधिक विचित्र वाटेल. मी ज्या 'शुद्ध' मराठीसाठीं छडी उगारीत होतों, ती माझ्याहि घरची भाषा नव्हती. आमच्या घरीं 'माले, तुले' असें वऱ्हाडी बोलणें. अध्यापनाच्या वर्गांत असतांना पाठ घेण्याच्या वेळीं माझ्या तोंडून 'माले' गेलें, तेव्हां तपासणीस आलेल्या एका गृहस्थांनीं साऱ्या वर्गादेखत माझें अनुकरण करून दाखविलें होतें. त्या दिवसाची लाज मीं खालच्या पायरीवर उतरवून दिली. ज्या वऱ्हाडांत महानुभावांनीं संस्कृत बाजूस ठेवून बायकापोरांस कळेल अशा मराठींत लिहिण्याचा आग्रह धरला, जेथल्या रिद्धपूरला मराठी गद्याचा आरंभ झाला असें आपण अभिमानानें सांगतों, त्या वऱ्हाडचा मी मास्तर!

आतां थोडें आंकड्यांकडे वळूं. २०११ च्या खानेसुमारींत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक आढळले. कोलामी बोलणारे सुमारे सव्वा लाख. बंजाऱ्यांची भाषा लांबाडी किंवा लमाणी या नांवाखालीं बत्तीस लाखांहून अधिक लोकांनीं सांगितली. परंतु ती स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जात नाहीं, हिंदीच्या बेरजेंत मिळविली जाते. आमच्या तांड्यावरच्या एखाद्या म्हातारीस 'आजी, तुम्ही हिंदी बोलतां' असें सांगून पाहावें! राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत १९५० सालीं चौदा भाषा होत्या, आज बावीस आहेत. त्यांत संस्कृत आहे. आणि ती असावीच, संस्कृतावर माझी भक्ति आहे. पण त्याच खानेसुमारींत संस्कृत ही मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारहि भरले नाहींत, आणि तीस लाखांची गोंडी अनुसूचीच्या बाहेर आहे. गोंडी व कोलामी या तर मराठीच्या बहिणीहि नव्हेत. त्या तेलुगु-तमिळांच्या कुळांतल्या. पाण्याला गोंडींत 'येर' म्हणतात, कोलामींत 'ईर', तेलुगूंत 'नीरु'. आणि आपण काव्यांत मोठ्या ऐटीनें वापरतों तो संस्कृत 'नीर' शब्दहि याच कुळांतून आला असावा, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. ज्या भाषेस आपण रानटी म्हणून हिणवितों, तिच्या विहिरीचें पाणी आपल्या देवपूजेंत असण्याचा संभव आहे.

छोट्या देशांनीं हा प्रश्न कसा हाताळला, तें पाहण्यासारखें आहे. स्वित्झर्लंडमध्यें जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तीन मोठ्या भाषांशेजारीं रोमान्श नांवाची एक चिमुकली भाषा डोंगरांतून नांदते. १९३८ सालीं तेथील मतदारांनीं प्रचंड बहुमतानें तिला राष्ट्रभाषेचा मान दिला. मत देणाऱ्यांपैकीं बहुतेकांना ती भाषा येत नव्हती, हें विशेष. परंतु मान देऊन सर्व भागतें असें नाहीं. रोमान्शच्या पांच वेगवेगळ्या लेखी बोली. १९८२ सालीं त्यांची मिळून एक प्रमाणभाषा तयार करण्यांत आली, आणि ती शाळांत येतांच खेड्यांतले लोक म्हणूं लागले कीं, ही आमची भाषाच नव्हे. म्हणजे लहान भाषेच्या पोटांतहि आणखी लहान भाषा असतात, आणि त्याहि रडतात.

आपल्याजवळचें उदाहरण गोव्याचें. तेथें १९६७ सालीं जनमत कौल झाला आणि गोवा महाराष्ट्रांत विलीन करूं नये असा निर्णय लागला. १९८७ च्या राजभाषा कायद्यानें देवनागरींतील कोंकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीचाहि कारभारांत उपयोग करण्याची मुभा राहिली. मराठीची अभिमानी मंडळी यावर नाराज राहिलीं; रोमी लिपींत कोंकणी लिहिणारे निराळ्या कारणासाठीं नाराज राहिले. मला गोव्याच्या वादांत पडायचें नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, कोंकणी ही मराठीची बोली आहे, असें आमच्याकडचे थोर थोर विद्वान पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. आणि बोलणाऱ्यांनीं मात्र ती भाषा आहे असें ठरविलें.

अगदीं अलीकडची गोष्ट तर आपल्या सर्वांच्या स्मरणांत ताजी आहे. एप्रिल २०२५ मध्यें पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा शासननिर्णय निघाला. त्याविरुद्ध महाराष्ट्रभर आवाज उठला, आणि जूनच्या अखेरीस सरकारनें तो मागें घेतला. सहा वर्षांच्या कोंवळ्या मुलावर घराबाहेरच्या भाषेचा भार टाकूं नये, असें तेव्हां शिक्षणतज्ज्ञ म्हणत होते. मीहि त्या मताचा होतों आणि आहें. परंतु तें वाचतांना मला राहून राहून वाटत होतें कीं, तांड्यावरचें सहा वर्षांचें मूल पहिलीच्या वर्गांत येतें तेव्हां त्याच्यावर आपण दुसरें काय करतों? त्याच्या बाजूनें कोणी मोर्चा काढीत नाहीं. १९५६ सालीं घटनेंत ३५० अ हें कलम घालण्यांत आलें आणि भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी, असें राज्यांस सांगण्यांत आलें. आमच्या राज्यांत उर्दू, गुजराती, कानडी, तेलुगु माध्यमाच्या शाळा आहेत. कारण त्या भाषांच्या मागें कोठें तरी एखादें राज्य, एखादा ग्रंथसंग्रह, एखादें मोठें शहर उभें आहे. गोंडीच्या मागें डोंगर आहे. गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांतल्या मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं स्वतः होऊन गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर ती मान्यतेच्या वादांत सांपडली.

दुसरी बाजूहि मला ठाऊक आहे, आणि ती लहान नाहीं. तांड्यावरचे आईबापच मला म्हणत, "गुरुजी, आमची बोली पोरगं घरीं शिकतंच, तुम्ही त्याले मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा." त्यांचें म्हणणें शहाणपणाचें आहे. ऊसतोडीला गेल्यावर मुकादमाचा हिशेब गोरमाटींत येत नाहीं, आणि दवाखान्यांतली चिठ्ठीहि नाहीं. राज्याला एक भाषा लागते, हें मीं आरंभीं सांगितलेल्या म्हशींच्या पावतीवरूनहि दिसेल. मराठी शिकवूं नये, असें म्हणणारा मी शेवटचा माणूस. माझें मागणें फार लहान आहे. पहिलीं दोन वर्षें ज्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या हातीं मूल द्यायचें, त्यांना त्या मुलाचे 'पाणी', 'भूक', 'आई', 'दुखतें' एवढे तरी शब्द कळले पाहिजेत. नेमणुकीच्या वेळीं शिक्षकाची जात विचारतात, ज्येष्ठता विचारतात, बदलीचे गुण मोजतात. त्याला कोणती बोली येते, हें माझ्या साऱ्या नोकरींत मला एकदांहि कोणी विचारलें नाहीं.

त्या छड्यांनंतर मीं एक वही घातली. तींत मुलांकडून ऐकलेले गोरमाटी शब्द लिहूं लागलों. प्रथम मुलें लाजत. पुढें त्यांतच त्यांना गंमत वाटूं लागली, कारण या एका विषयांत गुरुजी नापास होत आणि तीं मास्तर होत. वहीच्या चार वह्या झाल्या. त्यांच्या साह्यानें पहिलीच्या वर्गांत मला जें साधलें, तें कोणत्याहि प्रशिक्षणांत साधलें नव्हतें.

निवृत्तीनंतर एकदां बाजारांत एका पन्नाशीकडे झुकलेल्या माणसानें माझ्या पायांस हात लावला. ओळख पटली नाहीं. त्यानें सांगितलें तेव्हां पटली. तो तोच मुलगा. ऊसतोडीला जाऊन आलेला, आतां थोडी शेती. मराठी चांगली, वऱ्हाडी थाटाची. सोबत त्याची मुलगी होती, ती यवतमाळला महाविद्यालयांत शिकते. मीं मोठ्या उमेदीनें तिला माझ्या वहींतल्या गोरमाटींत विचारलें, "तारो नाम कांई?" ती गोंधळून बापाकडे पाहूं लागली. तो हसला आणि म्हणाला, "तिले नाही समजत, गुरुजी. मी तिच्यासंग घरी मराठीच बोललो. म्हटलं, शाळेत तिच्यावर पाळी नको यायले."

मीं त्याला घरीं नेलें आणि चारी वह्या दाखविल्या. त्यानें पानें उलटलीं. वाचणें त्याला अवघड जातें, म्हणून मुलगी शब्द मोठ्यानें वाचूं लागली आणि तो अर्थ सांगूं लागला. तिसऱ्या पानावर त्यानें तिला थांबविलें आणि मला म्हणाला कीं, हा शब्द तुम्ही चुकीचा लिहिला. मीं पेन्सिल त्याच्या मुलीच्या हातीं दिली.